आधी संडास, मग घर

"घर बांधायला किती वेळ लागतो?" हा प्रश्न तिने विचारला तेव्हा कंत्राटदार तिच्याच प्लॉटच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या खांबाकडे तोंड करून लघवी करत होता. तिने अर्थातच पाठ फिरवली होती आणि प्रश्न नवऱ्याला विचारला होता. पण उत्तर खांबाकडून आलं.

"ताई, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आतमध्ये पंख्याखाली बसून चहा पिताय, असं समजा!"

मग पँटची चेन ओढत तो समोर आला आणि नकाशा घ्यायला त्याने तोच हात पुढे केला. तिने नकाशा त्याच्या हातात दिला नाही. जमिनीवर विटेखाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

"शी," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"काही नाही. वाऱ्याने उडेल म्हणून ठेवला."

नवरा रस्त्याकडे बघत होता. असं काही झालं की तो रस्त्याकडेच बघायचा. वीजमीटर तपासायला घरोघर फिरणारा साधा, सरळ माणूस. पण कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याच्या तोंडातला फ्यूज उडायचा.

ती एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. रोज सकाळी लोक खिडकीतून बाटल्या आणि डब्या पुढे सरकवायचे. कुणाची लघवी, कुणाची विष्ठा, कुणाची थुंकी. नव्याने लागलेल्या मुली पहिला आठवडा जेवायच्या नाहीत. हिच्या कपाळावर मात्र आठी पडायची नाही. झाकण घट्ट आहे, वर नाव आहे, वेळ लिहिली आहे, मग त्यात किळस कसली? आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेत येते ती घाण, असं तिचं म्हणणं. बाटलीच्या बाहेर एक ओघळ दिसला की ती मालकाला परत बोलवायची आणि चारचौघांत पुसायला लावायची. दिवसातून इतक्यांदा 'शी' म्हणायची की प्रयोगशाळेतली पोरं तिला शीताईच म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि राग नव्हता. शी म्हणायला लावणारं जग आहे, त्याला ती काय करणार?

त्या जगाचा मुख्य नमुना तिच्या बिऱ्हाडाजवळच होता. भाड्याच्या दोन खोल्या, ओळीने आठ कुटुंबं, आणि ओळीच्या टोकाला दोन संडास. बादली घेऊन निघालं की अख्ख्या ओळीला कळायचं. आत गेल्यावर खोकायचं, बाहेरच्याने दार वाजवायचं, आणि दार वाजलं की आतल्याने उरकतं घ्यायचं. एका दाराची कडी तुटलेली होती. तिथे दाराला सुतळी बांधलेली असे आणि तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून बसावं लागे. लग्न होऊन ती इथे आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला पहिली गोष्ट दाखवली ती ही सुतळी. "ताणून धर गं," त्या म्हणाल्या होत्या, "समोरचे काका बहिरे आहेत, वाजवत नाहीत, सरळ ढकलतात."

तेव्हापासून ती दुपारच्या जेवणानंतर पाणी पीत नसे. कामावरून येताना रुग्णालयात एकदा जाऊन यायची आणि मग सकाळपर्यंत धरून ठेवायची. अशी कित्येक वर्षं गेली. मग ओटीपोटात दुखायला लागलं, थंडी वाजून ताप यायला लागला. एकदा तिने स्वतःचीच बाटली भरली, वर स्वतःचंच नाव लिहिलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली. बघते तर काय, पू भरलेला. कुणा परक्याचा नमुना असता तर तिने शांतपणे रिपोर्ट लिहिला असता. स्वतःचा बघून तिला पहिल्यांदा त्या टेबलाशी मळमळलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध मी देईन, पण पाणी तुम्हाला प्यायचंय. असंच धरून ठेवलंत तर मूत्रपिंडं जातील. इतकी वर्षं या खात्यात काढलीत, तुम्हाला मी काय सांगायचं?"

म्हणून प्लॉट. म्हणून घर. नकाशा काढणाऱ्याने तिला दिवाणखाना दाखवला, खिडक्या दाखवल्या, पुढे कधी माडी चढवायची झाली तर जिना कुठून येईल तेही दाखवलं. तिने फक्त मागच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "याला आतून कडी आहे ना?"

पाया खणला तेव्हा सासूबाई काठीशिवाय चालत होत्या. जोतं वर आलं तोवर काठी आली. भिंती खिडकीच्या उंचीला पोचल्या आणि तिथेच थबकल्या. पुढचा उन्हाळा आला तसा गेला. कंत्राटदार 'उद्या' म्हणायचा किंवा 'परवा' म्हणायचा, म्हणून सासूबाईंनी त्याचं नावच उद्यापरवा ठेवलं होतं.

"घर पाहावं बांधून, म्हणतात ते काही खोटं नाही गं," त्या म्हणायच्या.

"ज्याने ही म्हण केली," ती म्हणायची, "तो बांधेपर्यंत संडासाला कुठे जात होता, ते विचारा त्याला."

एका सुट्टीच्या सकाळी ती एकटीच बांधकामावर गेली. विटांच्या भिंती, वर आकाश, दारांच्या जागी नुसत्या चौकटी. ती हौसेने स्वयंपाकघरात शिरली. ओटा कुठे येणार, खिडकीतून उजेड कुठे पडणार, हे बघायचं होतं तिला. ओट्याच्या जागी कुणीतरी बसून गेलं होतं. एकदा नव्हे आणि एकटंही नव्हे. ताजं, वाळलेलं, त्यावर सिमेंटच्या पिशवीचा फाटका कागद, त्यावर माश्या. कोपऱ्यातल्या विटा ओलीने काळ्या पडल्या होत्या. ती नाक दाबून पुढच्या खोलीत गेली, तर तिथेही तेच. तिच्या निजायच्या खोलीत खिडकीखाली एक बाटली होती, निम्मी भरलेली, पिवळी, बिनझाकणाची.

ती रस्त्यावर येऊन ओकली. आणि ओकून झाल्यावर आपण परक्याच्या रस्त्यावर ओकलो याचीही तिला किळस आली.

उद्यापरवा आला तो हसत आला. "अहो ताई, बांधकाम म्हटलं की हे आलंच. प्लास्टर झालं, रंग लागला की कुणाला कळतंय? तुम्ही राहताय त्या खोल्यांत बांधताना काय झालं असेल, माहितीय तुम्हाला?"

"माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आता माहीत झालं. शी!"

"लेबर जाणार कुठे? आजूबाजूला सगळे प्लॉट उघडे."

हा प्रश्न बरोबर होता आणि म्हणूनच तो तिच्या डोक्यात गेला. तिसऱ्या दिवशी तिने उद्यापरवाला बोलावून सांगितलं, "भिंतींचं काम थांबवा. आधी संडास बांधा."

"कुठला संडास?"

"आमचा. मागच्या कोपऱ्यातला. टाकी खणा, पाइप टाका, भांडं बसवा, छत घाला, दार लावा. मग बाकीचं घर."

उद्यापरवाने आधी तिच्याकडे, मग तिच्या नवऱ्याकडे आणि शेवटी आपल्या मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने थापी खाली ठेवली.

"ताई, जगात आधी जोतं, मग भिंती, मग स्लॅब, मग प्लास्टर. संडास सगळ्यात शेवटी. हा नियम आहे."

"म्हणूनच जगाला वास येतो."

"घर लांबेल हो."

"तुम्ही त्याला जवळ कधी आणलं होतंत?"

मिस्त्री खो खो हसला. नवरा रस्त्याकडे बघत होता.

तर अशा रीतीने त्या उघड्या माळावर, खिडकीएवढ्या भिंतींच्या मागे, एक पूर्ण संडास उभा राहिला. पांढऱ्या फरश्या, निळं दार, नळ, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी खुर्चीसारखं बसायचं भांडं. सगळं घर लहान मुलासारखं नागडं आणि हा तेवढा टोपी घालून उभा. लोक मुद्दाम बघायला येत. नवऱ्याच्या कचेरीत कुणीतरी विचारलं, "काय, ऐकलं की नव्या घराचं उद्घाटन मागच्या दाराने केलंत?" तो हसला आणि घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "हसू देत. हसणाऱ्यांच्या घरी एकदा जाऊन बघते मी त्यांचं."

तिचा बेत सरळ होता. मजूर हा वापरतील, तिच्या खोल्या स्वच्छ राहतील, आणि शेवटी, राहायला येण्याआधी, भांडं तेवढं बदलून घ्यायचं. प्रयोगशाळेत करतो तसं. नमुना तपासून झाला की काच टाकून द्यायची.

महिनाभर खोल्या खरंच स्वच्छ राहिल्या. पण तिने एका गोष्टीचा विचार केला नव्हता, आणि ती गोष्ट रोज रात्री तिच्या शेजारी झोपत होती.

पलीकडच्या प्लॉटवर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ घर बांधत होते. ते नवऱ्याला भेटले आणि गोड बोलले, "आमच्या चारसहा माणसांची जरा सोय झाली असती." नवरा म्हणाला, "वापरा की." मग त्यांच्या पलीकडचे आले. मग कोपऱ्यावर बसचा शेवटचा थांबा झाला आणि ड्रायव्हर-कंडक्टर येऊ लागले. गणवेशातल्या माणसाला तर नवऱ्याला नाही म्हणताच येईना. कुणी संडासाच्या किल्लीसाठी खोळंबू नये म्हणून त्याने ती दाराबाहेर खिळ्याला टांगली. आपण पुण्य करतोय असंही त्याला वाटत असावं.

तिला हे कळलं ते वासावरून. पुन्हा सुट्टीचा दिवस होता. प्लॉट अजून लांब होता तेव्हाच वाऱ्यावर ते आलं. तिने नाकाला रुमाल लावला, आणि कुंपणातून आत पाऊल टाकलं ते चटकन मागे घेतलं. टाकी भरून वाहत होती. झाकणाच्या फटीतून काळपट पाणी बुडबुडत वर येत होतं आणि उताराने घराकडे सरकत होतं. उद्या भिंतींना वापरायची वाळू त्यात बसली होती आणि वाळूच्या ढिगाचा पायथा हिरवा झाला होता. संडासाचं निळं दार सताड उघडं. भांड्याच्या कडेवर बुटांचे ठसे, सिमेंटचे, चिखलाचे, एकावर एक. लोक त्या खुर्चीवर बसत नव्हतेच. वर चढून उकिडवे बसत होते. एकाचा तोल गेला असावा. भिंतीवर त्याच्या हाताचा पंजा उमटला होता, आणि तो सिमेंटचा नव्हता.

उद्यापरवा लांबूनच म्हणाला, "ताई, टाकी घरच्या माणसांच्या हिशेबाने बांधली होती."

"आणि वापरली कुणाच्या हिशेबाने?"

उद्यापरवाने तिच्यामागून आलेल्या नवऱ्याकडे हनुवटी उडवली. त्या दिवशी नवऱ्याला रस्त्याकडेही बघता येईना, कारण ती रस्त्यातच उभी होती.

"तुम्ही हो म्हणालात?"

"अगं, माणसंच ना ती. कुणाला असं… अडलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

"मला बरं म्हणता 'नाही'! लग्न झाल्यापासून मी अडलेली आहे. मला कधी विचारलंत? रात्री कूस बदलते तेव्हा काय वाटतं तुम्हाला, डास चावतात? माझ्या पोटात पू होतोय आणि तुम्ही बस कंडक्टरला माझं भांडं देताय?"

तिला त्याची कीव आली नाही. त्या घडीला तो तिला वाळूच्या त्या ढिगासारखाच वाटला, जे येईल ते शोषून घेणारा.

मैला उपसणारी गाडी आली, वाळू फेकून द्यावी लागली, जमीन वाळेपर्यंत काम बंद. तिने निळ्या दाराला मोठं कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आठवडाभराने येऊन बघते तो स्वयंपाकघरात ओट्याच्या जागी पुन्हा तेच. या वेळी भिंती खिडकीच्या वर गेल्या होत्या, एवढाच फरक.

ती तिथेच उभी राहून मोठ्याने बोलायला लागली. या लोकांना लाज नाही, जनावरं बरी, वगैरे जे तोंडाला येईल ते. घमेली वाहणारी एक बाई वाळू चाळत होती. मिस्त्रीच्या हाताखाली काम करायची, सगळे तिला घमेलेवालीच म्हणायचे. तिने चाळणी थांबवली नाही, मानही वर केली नाही.

"ते पुरुषांचं काम आहे, बाई. माझं नाव नका घेऊ."

"मग तू कुठे जातेस?"

"मी कुठे जाणार? तुमच्या भिंतींना दारं आहेत का? अंधार पडेपर्यंत थांबते."

"दिवसभर?"

"पाणीच पीत नाही सकाळपासून. म्हणजे मग लागत नाही." चाळणी हलत राहिली. "किल्ली खिळ्याला होती तेव्हा बरं होतं. घाण होती, पण कडी होती."

तिने घमेलेवालीच्या ओठांकडे बघितलं. फुटलेले, पांढरे पडलेले. उन्हात ती वाळू चाळत होती आणि घामसुद्धा नीट येत नव्हता. या बाईची बाटली आपल्या खिडकीत आली तर रंग कसा असेल, हे तिला न तपासता सांगता आलं असतं. तिला दया वगैरे आली असं कुणी म्हणेल, पण तसं नव्हतं. तिला पुन्हा शिसारीच आली, आणि या वेळी ती कुणावर थुंकावी हे तिला कळेना. शेवटी ती त्या बाईवरच खेकसली.

"दुखतं का खाली? जळजळतं?"

घमेलेवालीने पहिल्यांदा वर बघितलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"पाणी पी आधी! मुकाट्याने पी! ही घे किल्ली."

किल्ली दिली, पण ती पुढे कुणाच्या हातात जाईल याची खात्री नव्हती. तासाभरात मिस्त्रीने ती हिसकावली आणि संध्याकाळी कंडक्टर निळ्या दारातून बाहेर पडताना दिसला. दुसऱ्या दिवशी शीताईने रुग्णालयात रजेचा अर्ज दिला. नव्या घरात सामान लावायला म्हणून वर्षानुवर्षं साठवलेली सगळी रजा तिने एकदम टाकली.

"कुठे जाताय, शीताई?" पोरांनी विचारलं. "गावाला?"

"संडासाला," ती म्हणाली.

एक प्लास्टिकची खुर्ची, पाण्याची घागर, साबण, खराटा आणि गळ्यात परत घेतलेली किल्ली. ती निळ्या दाराशी बसली, अगदी प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसल्यासारखी. बँकवाल्यांना तिने परत पाठवलं, कंडक्टरला परत पाठवलं. फक्त तिच्या घरावर काम करणाऱ्यालाच किल्ली.

"हात दाखव," ती मिस्त्रीला म्हणाली.

"अजून गेलोच नाही हो बाई!"

"सिमेंटचे हात धुऊन जायचं. आणि कडेवर चढायचं नाही. बसायचं."

"आम्ही उभं घर बांधू तुमचं. पण असं पाय लोंबकळवून आमच्याने होत नाही."

सासूबाईही हट्टाने सोबत आल्या होत्या. त्या काठी टेकून म्हणाल्या, "गुडघे जाऊ दे, मग होतंय की नाही बघ."

मिस्त्री आत गेला, वर चढला, बुटांचे ठसे उमटवून आला. तिने त्याच्या हातात खराटा दिला. तो तोंड वाकडं करून म्हणाला, "मी गवंडी आहे."

"आणि मी तंत्रज्ञ आहे. तुझा आहे, तूच पुसायचा. नाहीतर दुपारी किल्ली नाही."

त्याने पुसलं. शिव्या घालत पुसलं, पण पुसलं. त्याच्यानंतर सगळ्यांनीच पुसलं. घमेलेवाली एकटीच अशी होती की जिला काही सांगावं लागलं नाही. ती आत गेली की बराच वेळ बाहेर येत नसे. मिस्त्री ओरडायचा, "मेली की काय आत?" आणि शीताई म्हणायची, "तू विटा लाव."

तिथे बसून तिला एक गोष्ट दिसली. ती शोधायला काही ती बसली नव्हती. सकाळी किल्ली मागायला सात-आठ माणसं यायची. दुपारनंतर फक्त घमेलेवाली. जी माणसं सकाळी जातात ती दुपारीही एकदा जाणारच, इतकं शरीरशास्त्र तिला येत होतं. मग बाकीची गेली कुठे? दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी उद्यापरवा मोटरसायकलवरून आला तेव्हा तिने खुर्चीतूनच विचारलं.

"दुपारी तुमची माणसं कुणाच्या संडासात जातात?"

"अं?"

"सकाळी इथे जातात. दुपारी इथे येत नाहीत. माणसाला दिवसभर लागत नाही असं होत नाही. म्हणजे ती दुसरीकडे असतात. कुठे असतात?"

उद्यापरवाने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. "ताई, ते जरा… मटेरियल आणायला…"

"सगळी? रोज? मिस्त्रीसकट?"

घमेलेवाली हातातलं घमेलं खाली ठेवून मन लावून ऐकत होती. शेवटी तीच म्हणाली, "तळ्यापलीकडच्या बंगल्यावर असतात, बाई. सकाळी इथे तोंड दाखवायचं, दुपारी तिथे भिंत चढवायची. तिथला मालक दुपारी येतो ना बघायला."

"ए, तू गप!" उद्यापरवा म्हणाला.

"ती नाही गप बसणार," शीताई उठून उभी राहिली. "म्हणजे इतकी वर्षं माझं घर अर्धा दिवस बांधताय. आणि त्या बंगल्याचंही अर्धाच दिवस. दोघांनाही सांगताय, घर बांधायला वेळ लागतोच. शी! ओट्यावर जे पडलं होतं ते बरं, ते निदान दिसत तरी होतं."

"ताई, तुम्ही उन्हात बसू नका. तब्येतीला त्रास होईल. घरी जा तुम्ही."

"कुठल्या घरी? हेच तर बांधताय ना?"

ती गेली नाही. रजा संपत आली तशी तिने आणखी मागितली, बिनपगारी. रोज दुपारी ती माणसं मोजायची नाही, नुसती किल्ली हातात धरून बसायची, आणि कोण आलं नाही ते तिला बरोबर कळायचं. मालकीण अशी दाराशी ठाण मांडून बसल्यावर काम ज्या वेगाने व्हायला लागलं तो बघून तिला आनंद व्हायला हवा होता. पण मनात येई ते एवढंच की हे आधीही होऊ शकत होतं. स्लॅब पडला, प्लास्टर झालं, फरश्या बसल्या, रंग आला, आणि प्रत्येक वेळी तिचा संताप वाढतच गेला.

शेवटी घर झालं. नवऱ्याने टेम्पो ठरवला. ती म्हणाली, "भांडं बदलायचंय."

"ते स्वच्छ आहे की गं. तूच रोज पुसून घेतेस."

"बदलायचंय."

प्लंबरने जुनं भांडं फोडून काढलं, नवं बसवलं, बुडाशी पांढरं सिमेंट भरलं आणि सांगितलं की आठवडाभर याला हात लावायचा नाही, सिमेंट धरू दे, नाहीतर हलेल.

"मग सामान नेऊन टाकू," नवरा म्हणाला. "आठवडाभर कसंतरी…"

"सामान न्या, तुम्हीही जा. मी जात नाही. तिथे गेल्यावर मला बादली घेऊन कुणाच्याही दारात जायचं नाही."

नवऱ्याने तोंड उघडलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, बहुधा 'लोक काय म्हणतील'. मग त्याने टेम्पोवाल्याला फोन लावला आणि म्हणाला, "नाही. या आठवड्यात नाही. नाही म्हटलं ना." फोन ठेवल्यावर तो स्वतःच्याच आवाजाने दचकल्यासारखा दिसला.

रंगवलेलं, दिवे लावलेलं, कुलूपबंद घर एका भांड्याच्या सिमेंटसाठी आठवडाभर रिकामं राहिलं. बँकवाल्यांना ते वेडच वाटलं, आणि त्यांनी तसं सांगितलंही.

राहायला आले त्या दिवशी सकाळपासून ती पाणी पीत होती. खोकी उतरवताना प्यायली, चहा झाल्यावर प्यायली, जेवताना प्यायली, सासूबाईंनी "पोट फुटेल गं" म्हटल्यावर आणखी प्यायली. मग संध्याकाळी ती मागच्या कोपऱ्यात गेली, निळं दार लावलं, कडी घातली, आणि कडी बसली की नाही ते दोनदा ओढून बघितलं.

पांढऱ्या फरश्या. नवा वास, सिमेंटचा आणि साबणाचा. बाहेर कुणीही नाही. ती बसली.

काहीच झालं नाही.

पोट तट्ट फुगलं होतं, कळ येत होती, आणि आतून एक थेंब सुटेना. तिने नळ सोडून पाहिला. डोळे मिटून पाहिले. इतकी वर्षं ज्या शरीराला तिने मुठीत धरायला शिकवलं होतं, त्याला मूठ सोडायचं ठाऊकच नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला. "शी," ती पुटपुटली, आणि त्या छोट्या खोलीत ते चांगलंच घुमलं.

बाहेर चपलांचा आवाज आला. नवरा दारापासून बराच लांब उभा राहिला असावा.

"झालं का गं?"

"नाही. कुणाला घाई आहे?"

"नाही, नाही. आई विचारत होती, भात लावू का म्हणून."

"लावा म्हणावं. आणि पुन्हा विचारायला येऊ नका."

चपला लांब गेल्या. तिने नळ बंद केला, पाठ मागे टेकवली आणि वाट बघत बसली.